ओलेसुंद आणि परिसर: प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओलेसुंद हे मासेमारीचे बंदर बहुतेक भारतीय प्रवाशांच्या वेळापत्रकात बर्गेन आणि गैरांगर यांच्यामधल्या एका रात्रीच्या मुक्कामापुरते, किंवा क्रूझ जहाजाच्या काही तासांच्या थांब्यापुरते येते. या लेखाची शिफारस वेगळी आहे. गावातच चार-पाच रात्रींचा एकच मुक्काम ठेवावा आणि आसपासची बेटे, पक्ष्यांचे कडे व फ्योर्ड (डोंगरांमध्ये खोल शिरलेले समुद्राचे अरुंद फाटे) तिथूनच एकेका दिवसाच्या फेरीत पाहावेत. कोणत्या दिवशी कुठे जायचे हे मात्र घरून पक्के करू नये. हवेचा अंदाज पाहून ते आदल्या रात्री ठरवावे. पुढचा सगळा तपशील या एका सूत्राभोवती मांडला आहे.

कधी जावे

प्रथम जाणाऱ्यांसाठी मेअखेर ते ऑगस्टअखेर हा काळ उत्तम. जूनमध्ये सूर्य रात्री अकरानंतर मावळतो आणि त्यानंतरही पुरता अंधार होत नाही, त्यामुळे संध्याकाळी सातला निघूनही डोंगर चढून येता येते. मात्र ओलेसुंद आर्क्टिक वृत्ताच्या बरेच दक्षिणेला आहे. मध्यरात्रीचा सूर्य येथे दिसत नाही, आणि उत्तरप्रकाशाच्या आशेने हिवाळ्यात यायचे असेल, तर त्याहून फार उत्तरेला, त्रोम्सोच्या बाजूला जावे. डिसेंबरात येथे दिवसाचा उजेड जेमतेम पाच तासांचा असतो. उत्तर अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे थंडी ओस्लोइतकी कडक नसते, पण वारा आणि पाऊस भरपूर असतो, शिवाय फ्योर्डकडचे काही घाटरस्ते बंद असतात.

उन्हाळ्यातही हवेचा भरवसा नाही. तापमान साधारण बारा ते सोळा अंशांच्या आसपास राहते, आणि सकाळी लख्ख ऊन असलेला दिवस दुपारी धुक्यात बुडू शकतो. नॉर्वेची हवामान संस्था आणि सरकारी नभोवाणी यांची ‘यर’ ही संयुक्त सेवा मोबाइलवर घ्यावी. ती तासातासाचा अंदाज देते आणि स्थानिक लोकही तिच्यावरच विसंबतात. छत्री आणू नये, वाऱ्यापुढे ती टिकत नाही. टोपी असलेले जलरोधक जाकीट, तशीच वरून घालायची विजार आणि ओल्या दगडावर न घसरणारे बूट, एवढ्यावर पैसे खर्च करावेत.

व्हिसा आणि सामान

नॉर्वे युरोपीय संघात नसला, तरी एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो. प्रवासाचे बहुतांश दिवस नॉर्वेत जाणार असतील, तर अर्ज नॉर्वेकडेच करावा लागतो. वाटेत आम्स्टरडॅमला केवळ विमान बदलत असाल, तर त्याने यात फरक पडत नाही. अर्ज नॉर्वेच्या परदेशी नागरिक संचालनालयाच्या, म्हणजे ‘यूडीआय’च्या, संकेतस्थळावर भरून तेथेच शुल्क भरायचे, आणि मग वेळ घेऊन कागदपत्रे व बोटांचे ठसे देण्यासाठी व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर जायचे, असा क्रम आहे. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो असून केंद्राचे सेवाशुल्क वेगळे पडते. किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा आवश्यक आहे, आणि परतीच्या तारखेनंतर पारपत्राची मुदत किमान तीन महिने शिल्लक असावी लागते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून एप्रिल-मेपर्यंत वाट पाहू नये.

खाऊ नेणाऱ्यांनी एक नियम नीट लक्षात घ्यावा. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणण्यास मनाई आहे. पेढे, बर्फी, तुपाची बरणी हे घरीच ठेवावे. तेलातला चिवडा, भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या, पोहे अशा वस्तूंवर भागवावे, आणि मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकघर असेल तर त्या खरोखर कामी येतात. विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट आहे, पण आपली जाड तीन पिनांची प्लग तिथल्या गोल दोन छिद्रांच्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून एक ॲडाप्टर सोबत असावा.

पोहोचण्याचे तीन मार्ग

ओलेसुंदला रेल्वे नाही. सर्वांत सोपा मार्ग विमानाचा. गावाजवळच्या विग्रा बेटावर विमानतळ असून ओस्लोहून तासाभराच्या आत पोहोचता येते, शिवाय आम्स्टरडॅमहूनही थेट सेवा आहे. मुंबईहून आम्स्टरडॅमला थेट विमान असल्याने एकाच बदलात ओलेसुंद गाठणे शक्य होते. विमानतळावरून गावात येणारी बस विमानांच्या वेळांशी जुळवलेली असते आणि सुमारे पंचवीस मिनिटे घेते. या वाटेत 1987 साली खुले झालेले दोन बोगदे लागतात. ते समुद्रतळाखालून जातात आणि त्यांचा सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीच्या सुमारे 145 मीटर खाली आहे. बस आधी बराच वेळ उतरत जाते आणि मग चढते, एवढीच काय ती खूण आत बसलेल्याला मिळते.

तिकिटे शोधताना गावाचे नाव सापडत नाही, अशी तक्रार अनेक जण करतात. नावातला पहिला वर्ण म्हणजे डोक्यावर बारीक वर्तुळ असलेला ‘ए’ आहे आणि नॉर्वेजियन वर्णमालेत तो अगदी शेवटी येतो, त्यामुळे स्थानकांच्या यादीत ओलेसुंद सर्वांत खाली पाहावे.

दुसरा मार्ग रेल्वे आणि बसचा. ओस्लोहून दोंबोसपर्यंत मुख्य मार्गाने येऊन तेथे गाडी बदलावी आणि राउमा मार्गाने ओंदालस्नेसला उतरावे. तेथून ओलेसुंदची बस सुमारे दोन तासांची आहे. दोंबोस ते ओंदालस्नेस हा 114 किलोमीटरचा मार्ग ट्रोलवेगन या प्रचंड सरळ कड्याच्या पायथ्याजवळून जातो. दिवस मोडतो हे खरे, पण वेळ असेल तर येताना विमान आणि जाताना रेल्वे, अशी जोडी आम्ही सुचवू.

तिसरा मार्ग समुद्राचा. बर्गेन ते किर्केनेस ही 34 बंदरे जोडणारी किनारी जहाजसेवा 1893 मध्ये सुरू झाली आणि आजही रोज चालते. हल्ली हुर्तिग्रुतेन आणि हाविला या दोन कंपन्यांची जहाजे ती वाटून घेतात. बर्गेनहून संध्याकाळी निघालेले जहाज दुसऱ्या सकाळी ओलेसुंदला लागते. ही क्रूझ नव्हे. जहाज मालही उतरवते आणि एका बंदराहून दुसऱ्या बंदराला जाणारे स्थानिक प्रवासीही घेते, त्यामुळे संपूर्ण सफर न घेता केवळ या एका टप्प्याचे तिकीट काढता येते. धक्का गावाच्या मध्यातच आहे. सामान ओढत मुक्कामी चालत जाता येते.

मुक्काम कुठे

ब्रूसुंदे ही अरुंद खाडी गावाच्या मधोमध आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना, नोर्वोय व आस्पोय या बेटांवर, जुने गाव वसले आहे. या खाडीपासून दहा मिनिटांच्या चालीत कुठेही उतरावे. दिवसाच्या फेऱ्या बसने करणार असाल, तर बसस्थानकही याच टापूत आहे. कुटुंबासह जाणाऱ्यांनी हॉटेलऐवजी स्वयंपाकघरासह भाड्याचे घर पाहावे. नॉर्वेत बाहेरचे जेवण अतिशय महाग पडते आणि खर्चाचा खरा फरक पलंगात नव्हे, ताटात पडतो. शाकाहाऱ्यांना तर दुसरा सोयीचा उपायच नाही.

पहिला दिवस: गाव

आल्या दिवशी लांब जाऊ नये. भारतातून आलेल्याचे शरीर उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते. त्या दिवशी गाव पायी पाहावे.

गाव पाहण्याआधी एक तारीख माहीत असावी. 23 जानेवारी 1904 च्या पहाटेपूर्वी गावाच्या पश्चिमेला एका कारखान्यात आग लागली. नैर्ऋत्येकडून वादळी वारा सुटलेला होता आणि गाव जवळपास सगळे लाकडाचे. सुमारे सोळा तासांत साडेआठशेच्या आसपास घरे जळाली, दहा हजार माणसे ऐन हिवाळ्यात उघड्यावर आली, आणि तरीही मृत्यू एकच नोंदला गेला. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म या किनाऱ्यावर सुटीला येत असे. त्याने मदतीची जहाजे पाठवली आणि त्याच्या नावाचा रस्ता आजही गावात आहे. 1907 पर्यंत गावाचा मध्यभाग दगड-विटांत पुन्हा उभा राहिला, आणि युरोपात त्या वेळी ‘युगेंडस्टील’ म्हणजे आर नूव्हो शैलीचा भर असल्याने तरुण नॉर्वेजियन वास्तुरचनाकारांनी सगळे गाव त्याच शैलीत बांधले. एकाच शैलीचे, एकाच तीन-चार वर्षांत झालेले असे सलग गाव विरळाच.

हे माहीत नसताना चालले, तर रंगीत घरे दिसतात आणि अर्ध्या तासात गाव ‘पाहून होते’. म्हणून सुरुवात आपोतेकर रस्त्यावरील युगेंडस्टील संग्रहालयापासून करावी. 1907 ची ही इमारत पूर्वी हंसाच्या नावाचे औषधालय होती. आतला जिना, औषधालयाचे लाकडी फडताळ आणि वरच्या मजल्यावरील भोजनगृह मूळ रूपात जपले आहे, आणि आगीचा इतिहासही येथे चांगला मांडला आहे. बाहेर पडल्यावर मात्र दुकानांच्या काचांकडे न पाहता नजर पहिल्या मजल्याच्या वर ठेवावी. दारांच्या कमानींवर, खिडक्यांच्या चौकटींभोवती आणि कोपऱ्यांतल्या मनोऱ्यांवर पाने, वेली, मुखवटे आणि नॉर्स परंपरेतले गुंतागुंतीचे पशू कोरलेले दिसतात. शेजारशेजारच्या दोन घरांत एकच नक्षी क्वचितच सापडते.

खाडीच्या तोंडाशी मोलोवेगन रस्त्यावर 1861 ची ‘होल्मबुआ’ ही लाकडी वखार आहे. आगीतून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी ही एक. आत मासेमारीचे छोटे संग्रहालय आहे. जुने गाव कसे होते याची कल्पना तेथे येते.

आक्सला टेकडीसाठी दुपार टाळावी. उद्यानाच्या मागून 418 पायऱ्या चढल्या की माथ्यावरच्या फ्येल्स्तुआ या उपाहारगृहाच्या सज्जावरून गावाचे ते प्रसिद्ध छायाचित्र मिळते: माशाच्या शेपटीसारखे समुद्रात शिरलेले गाव, दोन्ही बाजूंना पाणी, मागे बेटे. उन्हाळ्यात क्रूझ जहाजे सकाळी लागतात आणि साधारण दुपारनंतर सुटतात. त्या वेळात पायऱ्यांवर रांग असते. सकाळी आठच्या आत किंवा जेवणानंतर रात्री नऊला चढावे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे. उद्यानात रोलोचा पुतळा दिसेल. नॉर्मंडीचे राज्य स्थापणारा हा सरदार याच बेटांवरचा, अशी येथील लोकांची श्रद्धा असून हा पुतळा फ्रान्समधील रुआँ शहराने 1911 मध्ये भेट दिला.

पावसाचा दिवस आणि जवळची बेटे

पाऊस धरून बसला, तर गावापासून तीन किलोमीटरवरील अटलांटिक मत्स्यालयात जावे. खुल्या समुद्राच्या काठावर बांधलेल्या या मत्स्यालयात मोठ्या टाकीतल्या कॉड आणि हॅलिबट माशांना पाणबुड्या हाताने खाद्य देतो. लहान मुले असतील तर त्या वेळेला पोहोचावे.

ढग उंच असतील पण डोंगर झाकलेले असतील, अशा दिवशी यिस्के आणि गोडोय ही बेटे पाहावीत. तेथे जायला नाव लागत नाही, बोगदे आणि पूल आहेत. यिस्केवर बाराव्या शतकातले संगमरवरी चर्च आहे. बाहेरून ते पांढरे, साधे आणि अगदी लहान दिसते. गोडोयच्या टोकाला आल्नेस ही मच्छीमार वस्ती आणि 1936 चा लाकडी दीपस्तंभ आहे. वर चढता येते, खाली कॉफी आणि केक मिळतो, आणि वारा असेल त्या दिवशी लाटा पाहायला गावातली माणसेही येथेच येतात. बसने जाणार असाल, तर ‘फ्राम’ ही जिल्ह्याची बससेवा आहे. परतीची बस आधी पाहून ठेवावी, विशेषतः शनिवार-रविवारी.

रुंडे: पक्ष्यांसाठी

रुंडे बेटावर एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पफिन पक्षी घरट्यांसाठी येतात. ऑगस्टमध्ये जाणाऱ्याला ते बहुधा मिळत नाहीत, आणि अनेक पाहुणे नेमके येथेच फसतात. दुसरी चूक वेळेची. पफिन दिवसभर समुद्रात असतात आणि संध्याकाळी कड्यावरच्या बिळांकडे परततात, म्हणून दुपारी जाऊन दुपारीच परतणाऱ्याला रिकामा कडा दिसतो. ओलेसुंदहून गाडीने सूलेसुंद, तेथून फेरीबोटीने हारेइद आणि पुढे पूल ओलांडत रुंडे, असा रस्ता आहे. दुपारी निघून, गोक्सोयर वस्तीपासून तासाभराची चढण चढून, सातनंतर कड्यावर पोहोचावे आणि परतीच्या शेवटच्या फेरीबोटीची वेळ आधी पाहून ठेवावी. घरट्यांच्या काळात आखलेली वाट सोडून जाण्यास बंदी आहे. वर वारा बोचरा असतो. बसून वाट पाहायची असल्याने लोकरी थर हवाच.

याच बेटाजवळ डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘आकेरेंदाम’ हे जहाज 1725 मध्ये पहिल्याच सफरीवर, बटाव्हियाकडे (आजच्या जकार्ताकडे) निघालेले असताना फुटले. 1972 मध्ये पाणबुड्यांना त्यातील सोन्या-चांदीची हजारो नाणी सापडली.

स्वच्छ दिवस: गैरांगर

अंदाजात पूर्ण स्वच्छ दिवस दिसला की बाकी सगळे बाजूला ठेवून तो गैरांगरसाठी वापरावा. 2005 पासून जागतिक वारसा यादीत असलेला हा पंधरा किलोमीटरचा फ्योर्ड ढगाळ दिवशी अर्धाही दिसत नाही. गावातून उन्हाळ्यात थेट पर्यटक नौका जातात आणि गाडी नसणाऱ्यांसाठी त्या सोयीच्या आहेत. पण गाडी चालवू शकणाऱ्याने पुढील वळसा घ्यावा.

सकाळी लवकर निघून लिंगे येथे फेरीबोट पकडावी आणि आइद्सदालला उतरावे. तेथून घाट चढून गरुडवाटेच्या वळणांवर पोहोचताच गैरांगरचा पहिला देखावा खाली उघडतो. थांबण्याची खरी जागा हीच, गावातला धक्का नव्हे. गैरांगरहून हेलेसिल्टला जाणारी मोटारफेरी सुमारे तासाभराची असून ‘सात बहिणी’ धबधब्यासमोरून जाते. तिचे आरक्षण आदल्या दिवशी करावे. कड्यांवर अधांतरी बसल्यासारखी जुनी शेतघरे दिसतील. त्यांतली बरीच विसाव्या शतकात सोडून दिली गेली. हेलेसिल्टजवळचा ओकनेस डोंगर सतत यंत्रांनी मोजला जातो, कारण त्याची भेग रुंदावत आहे आणि तो पाण्यात कोसळला तर मोठी लाट उठेल. ही भीती कागदावरची नाही: शेजारच्या ताफ्योर्डमध्ये 7 एप्रिल 1934 रोजी अशाच दरडीच्या लाटेत चाळीस माणसे गेली.

हेलेसिल्टहून आल्या वाटेने परतू नये. नोरांग्सदाल या अरुंद दरीतून लेक्नेसकडे जावे. वाटेत लागणारे छोटे तळे 1908 च्या दरडीने ओढा अडून तयार झाले आणि तिथली उन्हाळी गुरे राखण्याची वस्ती बुडाली. पाणी निवळ असेल तर दगडी भिंती आणि जुनी वाट तळाशी स्पष्ट दिसते. गाड्या थांबवायला जागा थोडी आहे, पण दहा मिनिटे काढावीच. लेक्नेसहून फेरीने सेबो, मग फेस्तोय ते सूलावोगन ही आणखी एक फेरी, आणि संध्याकाळपर्यंत ओलेसुंद. या दिवसात चार वेळा पाण्यावर चढावे लागते. फेरीवर ‘स्वेले’ मिळते: हाताएवढे मऊ, जाडसर धिरडे, मधोमध दुमडलेले, आत लोणी-साखर किंवा तपकिरी चीज. त्यात अंडे असते. गरम असतानाच खावे.

गाडीबाबत थोडे. वाहन उजव्या बाजूने चालते, दिवसाही दिवे लावणे बंधनकारक आहे, आणि मद्याची मर्यादा इतकी कमी आहे की एक ग्लास बिअरही न घेणे उत्तम. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्यावा. टोल आणि बहुतेक फेरीबोटींचे पैसे नंबरपाटीच्या छायाचित्रावरून आपोआप आकारले जातात आणि भाड्याच्या गाडीच्या बिलात नंतर येतात. अरुंद रस्त्यांवर एकमेकांना वाट देण्यासाठी ठरावीक जागा असतात. तेथे गाडी उभी करून छायाचित्रे काढू नयेत. नकाशावर दिसणाऱ्या वेळेत फेरीची वाट पाहणे धरलेले नसते.

जेवण, पैसे, अडीअडचण

ओलेसुंदचा पैसा खारवून वाळवलेल्या कॉडवर उभा राहिला. पूर्वी हे मासे किनाऱ्याच्या खडकांवर पसरून वाळवत, आपल्याकडे बोंबील वलांडीवर वाळवतात त्याच हिशेबाने. आता हे काम कारखान्यांत होते. पोर्तुगाल आणि ब्राझीलला हा मासा जातो, आणि टोमॅटो, कांदा, बटाट्यातला त्याचा ‘बाकालाव’ येथील घरगुती पदार्थ बनला आहे. मासे खाणाऱ्याने तो एकदा घ्यावा. दाट मलईतले माशांचे सूपही सर्वत्र मिळते आणि त्यामानाने स्वस्त पडते. शाकाहाऱ्यांनी दुपारी सुपरमार्केटमधली पाव-चीज-फळे आणि रात्री घरचा भात, अशी सोय लावावी.

रोख क्रोन, म्हणजे नॉर्वेचे चलन, जवळपास लागत नाही. बसपासून सार्वजनिक स्वच्छतागृहापर्यंत कार्ड चालते. दोन वेगळी कार्डे ठेवावीत. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे, बाटल्या विकत घेऊ नयेत. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी दुपारीच किराणा भरावा. 17 मे हा संविधान दिन. त्या दिवशी काहीही खरेदी होणार नाही, पण पारंपरिक पोशाखातली मिरवणूक पाहायला मिळेल.

रुग्णवाहिकेसाठी 113, पोलिसांसाठी 112 आणि अग्निशमनासाठी 110. जिवावरचे नसेल, ताप किंवा मुरगळ असेल, तर 116117 वर तातडीच्या डॉक्टरांशी बोलता येते. डोंगरावर जाण्यापूर्वी कुठे जात आहोत आणि केव्हा परतणार हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून जाण्याची येथे रीत आहे, आणि पाहुण्यांनीही ती पाळावी.

शेवटचा दिवस मोकळा ठेवावा. धुक्याने गैरांगर हुकले असेल तर तो त्यासाठी वापरता येतो, आणि नसेल हुकले तर हेसा बेटावरची सुकरतोप्पेन टेकडी अर्ध्या दिवसात चढून येता येते. परतीचे विमान पहाटेचे असेल, तर पहिली बस त्याला पुरते की नाही हे आदल्या संध्याकाळी पाहावे आणि पुरत नसेल तर टॅक्सी तेव्हाच सांगून ठेवावी. सकाळी रस्त्यावर ती सहज मिळत नाही.